साखर वाढण्याच्या आधीची वर्षं

टाइप वन डायबिटीसबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाच्या नजरेखालून एक आलेख हमखास गेलेला असतो. डावीकडे उंचावर सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे शरीराला लागणारं इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी. रेघेवर टप्पे लिहिलेले असतात. आधी जन्मासोबत आलेली जनुकं, मग काहीतरी निमित्त, मग रक्तात दिसणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), मग इन्सुलिनचा कमी होत गेलेला पहिला झोत. आणि पार शेवटी, रेघ तळाला टेकायला आली की, ‘डायबिटीस’.

हा आलेख जॉर्ज आयझेनबार्थ या अमेरिकन डॉक्टरांनी १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या लेखात मांडला. तेव्हा ते बॉस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरमध्ये होते. माझ्यापर्यंत तो मिरजेतल्या एका डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर बॉलपेनने काढला तेव्हा आला. मुलगा आयसीयूतून बाहेर आला होता, मला ‘का’ एवढा एकच प्रश्न सुचत होता, आणि डॉक्टरांना पुढचे पेशंट होते. त्यांनी रेघ काढली, शेवटच्या टोकावर पेन टेकवलं आणि म्हणाले, “तुम्ही इथे आलात. सुरुवात कधीच झाली होती.”

नऊ वर्षांच्या मुलाला डायबिटीस झाला म्हटल्यावर लोक आधी मुलाकडे बघतात आणि मग आईकडे. सासूबाई म्हणाल्या, “रोज शाळेत जाताना त्याच्या हातावर लाडू ठेवू नकोस म्हणून मी सांगत नव्हते?” (लाडू त्यांनीच वळलेले असायचे, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.) शेजारच्या काकूंनी बिस्किटांची चौकशी केली. माझी मावशी फोनवर म्हणाली, “आपल्याकडे कुण्णाला नाही बाई, त्यांच्याकडूनच आलं असणार.” दृष्ट काढून झाली. आणि महिनाभरात नात्यातल्या एकांनी कारल्याचा रस सुरू करवला. वर सल्ला, “इन्सुलिनची सवय लावू नका, एकदा लागली की सुटत नाही.” रस आम्ही देत होतो, इन्सुलिनही चालूच ठेवलं होतं. गंमत अशी की त्याच सुमारास मुलाचे डोस खरंच कमी झाले. सकाळचं इन्सुलिन जवळजवळ निम्म्यावर आलं. कारल्याचा जयजयकार झाला.

डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. साखर खूप चढलेली असते तेव्हा उरल्यासुरल्या बीटा पेशीही दमून गप्प झालेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना उसंत मिळते आणि काही महिने त्या पुन्हा थोडं काम करतात. मग त्याही जातात. या काळात ज्याने जे औषध दिलेलं असेल, त्याला त्याचं श्रेय मिळतं. काढे, चुंबकीय बांगड्या, अंगारे, सगळ्यांची ख्याती याच काही महिन्यांवर उभी आहे. त्या भरात कुणी इन्सुलिन बंद केलं तर मूल दगावतं. हे मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

तर, गोड खाण्याचा या आजाराशी संबंध नाही. लाडूने बीटा पेशी मरत नाहीत. त्या मरतात शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींच्या हातून. हे एका ओळीत लिहिता येतं खरं, पण ती ओळ लिहिता येण्यासाठी किती वर्षं आणि किती माणसं खर्ची पडली, हे मी नंतर मुलाची रात्री तीनची साखर तपासण्यासाठी जागं राहताना वाचत गेले.

१९६५ मध्ये ब्रुसेल्सचे पॅथॉलॉजिस्ट विली गेप्ट्स यांनी जुनी स्लाइड्सची कपाटं उघडली. तरुण वयात डायबिटीस होऊन सहा महिन्यांच्या आत दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं त्यांनी तपासली. इन्सुलिन आल्यानंतर असे मृत्यू कमी झाले होते, त्यामुळे आजाराच्या अगदी सुरुवातीचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच येई. त्या २२ पैकी १५ जणांत, बीटा पेशी जिथे असतात त्या पुंजक्यांत पांढऱ्या पेशींनी गर्दी केलेली दिसली. ही गर्दी आधीही कुणी कुणी पाहिली होती, पण अपवाद म्हणून सोडून दिली होती. गेप्ट्सनी दाखवलं की वेळेवर पाहिलं तर हा अपवाद नाही.

मग १९७४ साल. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनियाक नावाच्या डॉक्टर होत्या. शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं हे आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल यांच्यासोबत त्यांनी १९५६ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यांच्याकडे आलेला जियान फ्रँको बोत्ताझ्झो हा तरुण इटालियन डॉक्टर तेच स्वादुपिंडात शोधायला लागला. पद्धत ऐकायला सोपी आहे. माणसाच्या स्वादुपिंडाचे गोठवलेले पातळ काप घ्यायचे, त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडायचा, धुवायचा, मग प्रतिपिंडांना चिकटणारा चमकता रंग घालायचा आणि अतिनील प्रकाशात बघायचं. स्वादुपिंड ‘ओ’ रक्तगटाच्या माणसाचं लागायचं, नाहीतर रक्तगटाचीच प्रतिपिंडं मध्ये लुडबुडत. बोत्ताझ्झोंनी रुग्ण निवडले ते नुसते डायबिटीसचे नाही, तर ज्यांच्या थायरॉइड, ॲड्रिनल अशा अनेक ग्रंथी एकापाठोपाठ निकामी होत होत्या असे. त्यांच्या रक्ताने पुंजके हिरवे चमकले. निवड फार शहाणपणाची होती, कारण साध्या टाइप वनमध्ये ही प्रतिपिंडं निदानानंतर काही वर्षांत ओसरत जातात. जुन्या रुग्णांत शोधणाऱ्याच्या हाती काही लागलं नसतं. या मंडळींत मात्र ती टिकून राहतात.

इथपर्यंत पुरावा निदानाच्या वेळचा होता. आजार उघड झाला तेव्हा चकमक चालू होती, एवढंच त्यातून कळत होतं. ती कधी सुरू झाली? हे शोधायचं तर अजून आजारी न पडलेल्या, पण पुढे पडणाऱ्या माणसांचं रक्त हवं. अशी माणसं आधी ओळखायची कशी?

जॉस्लिनमध्ये त्याचं उत्तर होतं. जुळ्यांपैकी एकाला डायबिटीस झालेला आणि दुसऱ्याला नाही, अशी एकसारखी जुळी भावंडं तिथे वर्षानुवर्षं तपासायला येत होती. एका कुटुंबातली तिळी भावंडंही होती. १९८३ मध्ये त्यांच्यावरचा शोधनिबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. शेवटचं मोठं नाव जॉस्लिनचे जुने संशोधक सोल्डनर यांचं, त्यांच्या आधी आयझेनबार्थ, आणि पहिलं नाव एस. श्रीकांता. हेच श्रीकांता पुढे बंगळुरूला परतून डायबिटीसच्याच कामात राहिले. त्या निबंधाने दाखवलं की साखर वाढायच्या कित्येक वर्षं आधी प्रतिपिंडं रक्तात हजर होती. त्याच काळात दुसरी एक चाचणीही केली जात होती. शिरेतून ग्लुकोज द्यायचं आणि पहिल्या काही मिनिटांत स्वादुपिंड किती इन्सुलिन सोडतं ते मोजायचं. निरोगी माणसात हा झोत झटकन येतो. या भावंडांत तो दरवेळी थोडा थोडा बारीक होत गेला. साखर मात्र नॉर्मल. रिपोर्टवर सगळं ठीक. आत घसरण चालू.

आयझेनबार्थना रेघ इथे सापडली. तोवर टाइप वन म्हणजे अचानक कोसळणारा आजार, एखादा विषाणू येतो आणि आठवड्याभरात बीटा पेशींचा फडशा पाडतो, असं मानणारे पुष्कळ होते. पालकांच्या डोळ्यांना तसंच दिसतंही. आयझेनबार्थ म्हणाले, हा जुनाट आजार आहे, वर्षानुवर्षं चालणारा. अचानक असतं ते फक्त आपल्या लक्षात येणं.

घराच्या चौकटीला वाळवी लागावी आणि रंग शाबूत राहावा, तसं. पण ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते आणि तिथेच खरं आश्चर्य आहे. वाळवी बाहेरून येते. इथे बाहेरून कुणी आलेलं नसतं. रोगप्रतिकारक पेशींतला एक प्रकार म्हणजे टी पेशी. त्यांची शाळा छातीतल्या थायमस ग्रंथीत भरते, तिथे त्यांना शरीरातली प्रथिनं नमुन्यादाखल दाखवली जातात आणि त्यांच्यावर धावून जाणाऱ्यांना तिथल्या तिथे संपवलं जातं. इन्सुलिनसुद्धा तिथे थोडं बनतं, केवळ ओळख पटवण्यासाठी. इन्सुलिनच्या जनुकाची काही रूपं अशी आहेत की थायमसमध्ये ते जरा जास्त बनतं, आणि त्या लोकांना टाइप वनचा धोका कमी असतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. पोराचं पुढचं सगळं आयुष्य छातीतल्या एका ग्रंथीत कोणी कुणाला किती वेळा दाखवलं यावरही अवलंबून असावं!

याचा सगळ्यात निर्विवाद पुरावा मात्र मिनेसोटातून आला आणि तो मला अजूनही अस्वस्थ करतो. तिथले सर्जन डेव्हिड सदरलँड यांनी निरोगी जुळ्या भावंडाचं अर्धं स्वादुपिंड डायबिटीस असलेल्या जुळ्याला बसवलं. एकसारखी जुळी, त्यामुळे शरीर अवयव नाकारणार नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही नकोत. साखर नॉर्मल झाली. इन्सुलिन सुटलं. आणि मग काही आठवडे-महिन्यांत डायबिटीस परत आला. तुकडा काढून बघितला तर बाकी स्वादुपिंड ठणठणीत आणि बीटा पेशींभोवती तीच, गेप्ट्सनी पाहिलेली गर्दी. कित्येक वर्षांपूर्वी पहिलं काम संपवून बसलेल्या टी पेशींनी नव्या बीटा पेशी बरोबर ओळखल्या. शेजारच्या ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या पेशींना धक्का नाही. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या दात्या भावंडांचं मला फार वाटतं. स्वतःचं अर्धं स्वादुपिंड दिलं आणि जगाला एक पुरावा मिळाला.

मग प्रतिपिंडं नेमकी करतात काय? बहुधा फारसं काही नाही. जन्मजात दोषामुळे ज्याच्या शरीरात प्रतिपिंडं बनतच नव्हती अशा एका रुग्णालाही टाइप वन झाल्याचं जर्मन संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवलं. मारेकरी टी पेशीच. प्रतिपिंडं म्हणजे मारामारी चालू असल्याची खूण. पण ही खूण साध्या रक्ततपासणीत सापडते, म्हणून तिची किंमत. त्यातल्या एका खुणेचा शोध तर भलत्याच वाटेने लागला. स्टेनून बेकेस्कोव्ह या आइसलँडच्या संशोधिकेला डेन्मार्कमध्ये १९८२ साली बीटा पेशींतलं एक प्रथिन मिळालं होतं, रुग्णांची प्रतिपिंडं त्याला चिकटत. ते कुठलं हे मात्र ठरेना, फक्त वजन माहीत. तिकडे येल विद्यापीठात अंग लाकडासारखं ताठ होणाऱ्या मज्जासंस्थेच्या एका दुर्मीळ विकाराचा अभ्यास चालू होता. तिथल्या एका रुग्णाच्या रक्तात मेंदूतल्या ‘जीएडी’ या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं सापडली आणि त्या रुग्णाला टाइप वनही होता. धागा जुळला. १९९० मध्ये जाहीर झालं की बेकेस्कोव्हचं प्रथिन म्हणजेच जीएडी. आज प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘जीएडी-६५’ अशी खूण करताना यातलं काहीच दिसत नाही.

एव्हाना रेघ इतकी पक्की झाली की तिच्यावरून भविष्य सांगता येऊ लागलं. कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीतल्या मुलांना जन्मापासून तपासत राहिलेल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २०१३ मध्ये आला. लहानपणी दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत डायबिटीस झाला. एकच प्रकार असेल तर साधारण १५ टक्के.

भविष्य कळलं, पुढे काय? इथे आयझेनबार्थ यांच्याबद्दल मला आदर वाटतो तितकीच त्या पिढीची हळहळ वाटते. त्यांच्या गटाने रुग्णांच्या थोड्या नातेवाइकांना आधीच इन्सुलिन देऊन पाहिलं. रोग लांबतोय असं दिसलं. मग अमेरिकेत मोठी चाचणी उभी राहिली, तिच्यासाठी ८४ हजारांहून जास्त नातेवाइकांचं रक्त तपासलं गेलं, आणि २००२ मध्ये निकाल लागला. इंजेक्शन घेणारे आणि न घेणारे, दोन्ही गटांत रोग सारख्याच वेगाने आला. प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर शेकडो उपायांनी रोखता येते. टाइप वन होणाऱ्या उंदराच्या आईबापांना आज काळजीचं काही कारण नाही.

आयझेनबार्थ २०१२ मध्ये गेले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने. यावर काही बोलावंसं वाटत नाही.

त्यांच्या रेघेत दोषही निघाले. खरी घसरण इतकी सरळ नसते, काहींची वर्षानुवर्षं थांबते, काहींची कड्यावरून पडल्यासारखी होते. शिवाय ती तळाला टेकतेच असंही नाही. खुद्द जॉस्लिनमध्येच पन्नास वर्षांहून जास्त काळ इन्सुलिनवर जगलेल्या लोकांना तपासलं, तर अनेकांत थोड्या बीटा पेशी तग धरून असल्याचं २०१० मध्ये दिसलं. पण घसरणीला लांबी आहे, मध्ये हात घालायला वेळ आहे, हा मुद्दा टिकला. २०१९ मध्ये येलच्या केव्हन हेरॉल्ड यांच्या चाचणीत ७६ नातेवाइकांपैकी काहींना टेप्लिझुमॅब हे टी पेशींना आवर घालणारं औषध चौदा दिवस शिरेतून दिलं गेलं. सगळ्यांमध्ये दोन किंवा अधिक प्रतिपिंडं होती आणि साखर थोडी बिघडायला लागली होती. औषध मिळालेल्यांत डायबिटीस सरासरी दोन वर्षांनी लांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एका कोर्सची तिथली तेव्हाची किंमत १ लाख ९३ हजार ९०० डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. दोन वर्षं म्हणजे काही फार नाही, असं ज्याला वाटेल त्याने सहा वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला दिवसातून चार वेळा सुई टोचण्यातला फरक कुणालातरी विचारावा.

सहा वर्षांची म्हणून सुचलं. आमची धाकटी सहा वर्षांची आहे.

भावाला टाइप वन असेल तर बहिणीला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य आकडेवारीत पाच-सहा टक्के धरतात, म्हणजे इतर मुलांपेक्षा बरीच जास्त. आकडे तिकडचे, जनुकं आपली, असं मी म्हणायचे. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या, २०२० मध्ये आलेल्या कामात युरोपीय माहितीवरून बनवलेला जनुकीय धोक्याचा गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप वन ओळखायला बऱ्यापैकी उपयोगी पडला. तेव्हा ती पळवाट गेली.

नवऱ्याचं म्हणणं आहे, तपासून घेऊ. बवेरियात नव्वद हजारांवर सर्वसाधारण मुलं तपासली, त्यातल्या सुमारे ०.३ टक्के मुलांत दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं सापडली, आणि ज्यांना पुढे डायबिटीस झाला ती बहुतेक कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत) न जाता आली. आपला मुलगा श्वास जोरजोरात ओढत आयसीयूत गेला होता, आठवतं ना, असं तो म्हणतो. मी म्हणते, तो फायदा आपल्याला आधीच मिळालेला आहे. आमच्या घरी ग्लुकोमीटर मिठाच्या डब्याशेजारी असतो. पोरीने दोन पेले पाणी लागोपाठ प्यायलं तर थोरलाच तिचं बोट धरतो. राहता राहिलं औषध, ते आपल्या आवाक्यात नाही. मग तिच्या वाट्याला येणार काय, तर दहा वर्षांतले सत्तर टक्के. तो म्हणतो, तयारीला वेळ मिळेल. मी म्हणते, बालपणातून वजा होऊन. तो म्हणतो, कुठल्या चाचणीत भाग घेता येईल, औषध स्वस्त होईल, दहा वर्षं लहान नसतात. याच्यावर माझ्याकडे उत्तर नसतं. आणि एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असंही नाही, प्रतिपिंडं नंतरही उमटू शकतात.

बरेच दिवस असंच चालल्यावर परवा मी हो म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला नणंदेकडे जायचंच आहे, तिथे एका लॅबमध्ये रक्त देऊ. जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर, अशा तीन प्रतिपिंडांच्या तपासण्या. थोरल्याला सांगितलंय, त्याला कळायला हवं. सासूबाईंना सांगायचं नाही, यावर मात्र आमच्या दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे. निकाल काहीही येवो, त्या आधी पोरीच्या ताटातला लाडू उचलतील.